हिरवा रंग आणि घरातला एकच मोबाइल

२०२० चा रमजान आठवतो ना? मशिदी बंद, तरावीह घरातच. त्याच्या पहिल्या आठवड्यात, १ मे रोजी, केंद्रीय गृहमंत्रालयाने सरकारी आणि खाजगी सर्व कर्मचाऱ्यांना ‘आरोग्य सेतू’ अ‍ॅप सक्तीचे केले. आमचे मामू एका कारखान्यात कामाला. टाळेबंदी थोडी सैल झाली तसे गेटवर सांगण्यात आले, मोबाइलवर हिरवा रंग दाखवा, मग आत या. मामूंकडे बटणांचा फोन. घरात स्मार्टफोन एकच, तोही मुलीच्या ऑनलाइन क्लाससाठी घेतलेला. तो मामूंच्या खिशात गेला. मुमानी रेशनच्या रांगेत दोन-दोन तास उभ्या राहायच्या; अ‍ॅपच्या लेखी त्या घराबाहेर पडल्याच नव्हत्या.

हे अ‍ॅप चालायचे कसे? दोन फोन जवळ आले की ब्लूटूथवरून एकमेकांची खूण टिपून ठेवत. शिवाय आपण कुठे आहोत, हेही जीपीएसने नोंदले जाई. पुढे एकाला लागण झाल्याचे कळले की त्याच्याजवळ आलेल्यांना इशारा. ऐकायला छान! पण ब्लूटूथ भिंतीतूनही जातो. चाळीत पलीकडच्या खोलीतला शेजारी, ज्याचे तोंडही आठवडाभर पाहिले नाही, तोही ‘संपर्कात’ धरला जाऊ शकतो. आणि समोर बसून खोकणाऱ्याकडे अ‍ॅप नसेल तर त्याची नोंदच नाही.

माहिती जाते कुठे, हा प्रश्न विचारणाऱ्यांना त्या दिवसांत उगाच शंकेखोर ठरवले गेले. शंका पोकळ नव्हती. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्येच सांगितले होते. सिंगापूरचे बघा. तिथल्या ‘ट्रेसटुगेदर’ची माहिती फक्त साथीसाठी वापरू, असे सरकारने सांगितले. जानेवारी २०२१ मध्ये संसदेत कबुली आली की पोलीसही गुन्ह्याच्या तपासासाठी ती मागू शकतात. लोक चिडले, तेव्हा फेब्रुवारीत कायदा करून ती मुभा गंभीर गुन्ह्यांपुरती ठेवली गेली.

आमच्या मोहल्ल्यात भीतीला आणखी एक कारण होते. निजामुद्दीनच्या मरकजच्या बातम्यांनंतर भाजीवाल्याचेही नाव विचारले जात होते. परदेशी तबलिगींवरचे गुन्हे मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्टमध्ये रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केल्याचे मतही नोंदवले. पण एप्रिल-मे महिन्यांत ते कोणाला माहीत होते? घाबरलेला माणूस ताप लपवतो. तिथे कुठलेच अ‍ॅप चालत नाही.

धारावीत मात्र वेगळे घडले. १ एप्रिलला पहिला रुग्ण सापडला. महापालिकेने तिथल्याच खाजगी डॉक्टरांना सोबत घेतले, ताप तपासणीची शिबिरे भरवली, आरोग्यसेविका दारोदार गेल्या. विलगीकरणात जेवणाची सोय केली. ओळखीचा डॉक्टर विचारतो तेव्हा माणूस कोणाकोणाला भेटला ते सांगतो.

१७ मेच्या आदेशात सक्तीची जागा ‘शक्यतो’ने घेतली. गेटवरच्या माणसाला ते कळायला आणखी बरेच दिवस लागले. तोवर मामू रोज फोन नेत राहिले आणि मुलगी मैत्रिणीच्या वहीवरून धडे उतरवत राहिली.