आखूड इनटेक : विमान इंजिनाचा हवेचा दरवाजा

टर्बोफॅन इंजिनाच्या पंख्यापुढे जे गोल, गुळगुळीत तोंड दिसते, त्याला इनटेक म्हणतात. त्यात फिरणारा एकही भाग नसतो, तरी पंख्यापर्यंत हवा कशी पोहोचेल हे मुख्यतः त्याच्या आकारावर ठरते. प्रवासी विमान ध्वनीच्या सुमारे ०.८ पट वेगाने उडते. पंख्याला मात्र हवा ०.६ पटीच्या आसपास वेगाने आणि सर्व बाजूंनी सारखी मिळावी लागते. इनटेकच्या पुढच्या कडेला ओठ आणि आतल्या सर्वांत अरुंद भागाला गळा म्हणतात. गळ्यामागे मार्ग हळूहळू रुंदावतो. तिथे हवेचा वेग उतरतो आणि दाब वाढतो.

थोड्या हवेला खूप वेग देण्यापेक्षा पुष्कळ हवेला थोडा वेग दिला, तर तेवढाच रेटा कमी इंधनात मिळतो. म्हणून पंखे मोठे होत गेले. एअरबस ए३२० वरील सीएफएम५६ इंजिनाचा पंखा १.७३ मीटर व्यासाचा होता. ए३२०निओवरील लीप इंजिनाचा १.९८ मीटरचा आहे. इनटेकही त्याच प्रमाणात लांबवला, तर वजन आणि बाहेरच्या पृष्ठभागावरील घर्षण वाढून इंधनाची बचत घटते. शिवाय मोठा पंखा हवेचा दाब थोडाच वाढवतो, त्यामुळे इनटेकमध्ये वाया गेलेला थोडासा दाबही त्याला महाग पडतो. आखूड इनटेकची गरज इथून निर्माण होते.

अडचण येते ती उड्डाणाच्या वेळी. विमानाचे नाक वर उचललेले असते, वेग कमी असतो आणि इंजिन पूर्ण जोरात हवा खेचत असते. खालच्या ओठाला वळसा घालून आत शिरणारी हवा काही ठिकाणी ध्वनीपेक्षाही वेगवान होते आणि पुढे भिंतीपासून सुटते. धावपट्टीवर आडवा वारा असला, तर हेच बाजूच्या ओठाशी घडते. यावर जाड, गोलाकार ओठ हा उपाय आहे. पण ओठ जाड झाला की उंचावरील वेगवान प्रवासात बाहेरून अवरोध वाढतो. त्यामुळे ओठाची जाडी परिघावर बदलती ठेवतात, खाली जास्त आणि वर कमी. लांब इनटेकमध्ये विस्कटलेली हवा पंख्यापर्यंत जाताना थोडीफार सावरते. आखूड इनटेकमध्ये तेवढे अंतरच नसते. तिथे पाती प्रत्येक फेरीत कमी-अधिक भाराच्या पट्ट्यांतून जातात, कंप पावतात आणि गोंगाट वाढतो. आवाज शोषणाऱ्या जाळीदार अस्तरालाही जागा कमी उरते.

मात्र जवळ आलेला पंखा मदतही करतो. जिथे हवा मंदावते, तिथे तो तिला अधिक जोराने ओढतो आणि ओठापासून सुटू पाहणारा प्रवाह काही प्रमाणात भिंतीशी धरून ठेवतो. म्हणून आखूड इनटेक आणि पंखा यांची गणिते वेगवेगळी करून चालत नाही. प्रत्येक पात्याभोवतीचा प्रवाह सोडवणे संगणकावरही फार वेळखाऊ असल्याने, पात्यांऐवजी त्यांचे हवेवरील बल गणितात घालून अनेक आकार तपासले जातात. एमआयटी आणि प्रॅट अँड व्हिटनी यांच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याच पद्धतीने इनटेकची लांबी पंख्याच्या व्यासाच्या निम्म्यावरून पावपटीपर्यंत आणता येण्याची शक्यता दाखवली. यापुढे किती आखूड करायचे, हे प्रवासातील अवरोध, उड्डाणातील स्थिरता, पात्यांचे आयुष्य आणि आवाज या चारही गोष्टी एकत्र तोलूनच ठरते.