नाव चुकले, पहारेकरी हरवला!

मलिक अंबरने १६१० साली वसविलेल्या खडकीचे पुढे औरंगाबाद झाले आणि २०२३ साली छत्रपती संभाजीनगर. तिन्ही नावे एकाच शहराची, हे माणूस ध्यानात ठेवतो. पाकिटावर जुने नाव असले, तरी ४३१००१ हा पिनकोड पाहून टपाल बरोबर पोचते.

संगणकाचे तसे नाही. २०२५ साली येथील रेल्वे स्थानकाचे नाव बदलले, तेव्हा ‘एडब्ल्यूबी’ हा जुना संकेत जाऊन ‘सीपीएसएन’ आला. समजा, यादीत नवा संकेत आहे आणि शोधणाऱ्या आज्ञावलीत जुनाच राहिला, तर? स्थानक जागच्या जागी असते, पण संगणकाला ते सापडत नाही.

संकेतस्थळांच्या संरक्षणातही असेच घडते. ‘जावा’ या संगणकभाषेत मोठी आज्ञावली लहान लहान घटकांची बनवतात. जावा हे कॉफीचेही नाव, म्हणून घटकाला ‘बीन’, म्हणजे कॉफीची बी, म्हणतात. ‘स्प्रिंग’ नावाची व्यवस्था या बिया आपल्या कोठारात ठेवते आणि प्रत्येकीला एक नाव देते.

‘स्प्रिंग सिक्युरिटी’ वापरताना दारावर एक द्वारपाल नेमतात. तो स्वतः कोणाचीच तपासणी करीत नाही. त्याच्याजवळ फक्त एक नाव असते: ‘स्प्रिंगसिक्युरिटीफिल्टरचेन’. या नावाची बी कोठारात शोधायची आणि आलेली प्रत्येक विनंती तिच्या हवाली करायची, एवढेच त्याचे काम. खरा पहारेकरी ती बी! आता द्वारपालाजवळच्या नावात रोमन लिपीतला पहिला लहान ‘एस’ चुकून मोठा झाला, तरी संगणकाच्या लेखी ते निराळे नाव ठरते. पहारेकरी असूनही सापडत नाही आणि आज्ञावली चूक दाखवून थांबते.

ही चूक त्रासाची खरी, पण दार बंद राहते. याहून मोठा धोका उलट चुकीत आहे. औरंगाबाद नावाचे शहर बिहारमध्येही आहे. तशी दोन बियांना एकच नाव दिले तर? पूर्वी बहुधा नंतरची बी आधीच्या बीची जागा गुपचूप घेत असे. कडक पहारेकरी जाऊन ढिला आला, तरी पटकन कोणाच्या लक्षात येत नसे. म्हणून ‘स्प्रिंग बूट’च्या २०१८ सालच्या २.१ या आवृत्तीपासून, मुद्दाम परवानगी दिल्याखेरीज, अशी आज्ञावली सुरूच होत नाही.

तेव्हा नियम दोन: नाव बदलाल तर सगळीकडे बदला, आणि एक नाव एकालाच द्या. वर्गात एकाच नावाची दोन मुले असली, की गुरुजी हजेरी क्रमांक का पुकारतात, ते आता सांगा पाहू!