पाकिटावरचे अंतराळ

‘आर्यभट’ हा भारताचा पहिला उपग्रह १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत भूमीवरून अवकाशात गेला. त्याच वर्षी त्याच्यावर टपाल तिकीट निघाले. राकेश शर्मांच्या अंतराळ प्रवासाचे तिकीट १९८४ चे. अंतराळ विषयाचा संग्रह सुरू करायला ही दोन पुरेत.

घरच्या जुन्या पत्रांवर अशी तिकिटे सापडली तर ती सोलून काढू नका. पत्र कोणत्या गावाहून, कोणत्या तारखेला निघाले हे पोस्टाचा शिक्का सांगतो. तिकीट सुटे केले की ही नोंद अर्धी तुटते. पाकीट अख्खे ठेवा. कोरी तिकिटे मात्र चिमट्यानेच उचला. घामाने मागचा डिंक खराब होतो.

रद्दी देण्याआधी पत्रांचा गठ्ठा एकदा मुलांसोबत सोडून पाहा.