लिंबाची रानातली भावकी

महाराष्ट्राने 2015 साली राणी पाकोळीला राज्य फुलपाखराचा मान दिला. असं फुलपाखरू ठरवणारं हे देशातलं पहिलं राज्य. काळ्याभोर, निळ्या पट्ट्यांच्या पंखांचं कौतुक बरंच झालं. मात्र ज्याच्या पानांवर तिची अळी पोसते, त्या माकडलिंबाचं नाव क्वचितच कानावर येतं.

सह्याद्रीतल्या सदाहरित आणि निमसदाहरित रानांत, मोठ्या झाडांच्या सावलीत हे झुडूप वाढतं. लिंबाचंच कूळ. पानाच्या बगलेत काटा (काही झुडपांना तोही नसतो), पांढरी फुलं, लहान गोल फळं. पान उजेडासमोर धरलं की तेलाचे बारीक ठिपके दिसतात. हा तेलाचा साठा झाडाच्या संरक्षणासाठी असतो. या कुळातल्या अनेक झाडांत तर ऊन लागल्यावर अधिकच विषारी होणारी रसायनंही असतात. काटा गुरांना आवरतो, रसायनं बहुतेक किड्यांना.

राणी पाकोळीच्या घराण्याने मात्र यातून वाट काढली आहे. या अळ्यांच्या पोटातली विकरं ती विषं मोडून टाकतात. मादी पुढच्या पायांनी पान थोपटते, त्याची चव घेते आणि खूण पटली तरच अंडं घालते, एका जागी एकच. कोवळी अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते. डिवचलं तर डोक्यामागून दुभंगलेलं, उग्र वासाचं शिंग बाहेर काढते. एवढं करूनही बहुतेक अळ्या जगत नाहीत. काही गांधीलमाश्यांच्या पिल्लांचं अन्न होतात, काही पक्ष्यांच्या. झुडपाची खरी किंमत या मरणाऱ्या अळ्यांतही आहे, असं मला वाटतं.

राणी पाकोळी संकटात आहे, असं मात्र नाही. ती लिंबू-पपनसावर भागवते, मुंबईच्या बागांतही येते. सगळ्यांना हे जमत नाही. केरळने 2018 मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेली बुद्ध मयूरी आपल्याकडे कोकण-गोव्याच्या बाजूला दिसते. तिच्या अळीला लागतं ते तिरफळ, बांगड्याच्या आमटीत पडणारं तेच. तेही लिंबाच्याच कुळातलं आणि खोडभर काटे असलेलं. कुंडीतल्या लिंबावर तिची सोय होत नाही.

म्हणून जंगलाच्या कडेची ‘साफसफाई’ मला खटकते. लागवडीपूर्वी काटेरी झुडपं कचरा समजून तोडली जातात, उरलेली वणव्यात जातात. मग त्याच जागी फुलपाखरांसाठी म्हणून परदेशी फुलझाडं लावली, तर प्रौढ पाकोळ्यांना मध मिळेल, पण अळीला पान कुठलं? सावलीचा कोपरा असेल, तर स्थानिक बियांपासून केलेलं माकडलिंबाचं रोप लावा. पानं कुरतडलेली दिसली, तर औषध फवारू नका.