नातवाचं दप्तर आणि आजोबांची सही

दुपारी बाराच्या सुमारास कोपरखैरण्यात किंवा नेरूळमध्ये एखाद्या शाळेच्या फाटकासमोर उभं राहा. मुलांना न्यायला आलेल्या गर्दीत पांढरी डोकी बरीच दिसतील. एखाद्या आजीच्या गुडघ्याला पट्टा असतो, एखाद्या आजोबांच्या हातात छत्री आणि पाण्याची बाटली. यांतल्या बहुतेकांचे मुलगे-सुना, लेकी-जावई सकाळची लोकल पकडून कामाला गेलेले असतात. काहींच्या घरी मात्र मधली पिढीच नसते. मुलगा वारलेला, सून माहेरी परतलेली, नाहीतर दोघंही करोनात गेलेले. फाटकाबाहेर दोन्ही प्रकारचे आजी-आजोबा सारखेच दिसतात. संध्याकाळी दार उघडून आत येणारं दुसरं कुणी आहे की नाही, एवढाच फरक, आणि तो फार मोठा.

१९७० साली सिडको स्थापन झाली आणि खाडीपलीकडे हे शहर आखलं गेलं. आखणी झाली ती नवरा, बायको आणि मुलं एवढ्या घराची. तुर्भ्याच्या घाऊक बाजारात सातारा-सांगलीकडून माथाडी आले, कचेऱ्यांमध्ये चाकरमाने आले. पाळणा हलला तशी गावाहून आजी आली आणि वन रूम किचनमध्ये मावली. तिचं हे सांभाळणं इतकं गृहीत धरलं गेलं की त्याला काही आधार लागतो, हेच कुणाच्या लक्षात आलं नाही. आधार आहे, पण तो दोन वेगवेगळ्या टेबलांवर विभागलेला आहे. ज्येष्ठांच्या टेबलावर आजोबांची कागदपत्रं बघतात, बालकांच्या टेबलावर नातवाची. आजोबा बहुधा पहिल्या टेबलावर जातात, ‘तुमच्यासाठी अशी योजना नाही’ हे ऐकतात आणि परततात. नातवंडाला वाढवण्यासाठीची मदत नातवंडाच्या नावाने मागायची असते. ही एक गोष्ट कळली तरी पुढचे बरेच गैरसमज सुटतात.

पहिला गैरसमज सहीचा. ‘जन्मापासून आम्हीच सांभाळलं, म्हणजे पालक आम्हीच.’ मायेच्या हिशोबात हे खरं, कायद्याच्या हिशोबात नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ चा आहे. त्यात नैसर्गिक पालक म्हणून वडील आणि आई येतात. आजी-आजोबा येत नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका ७४ वर्षांच्या आजीला ५ वर्षांच्या नातवाचा ताबा त्याच्या आई-वडिलांकडे द्यायला सांगितलं. मूल तिच्याकडेच वाढलं होतं. तरीही जिव्हाळ्याचं नातं जन्मदात्यांच्या हक्कापेक्षा वरचढ ठरत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. आई-वडील हयात आहेत, पण दूर आहेत किंवा बेपत्ता आहेत, अशा घरांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली न्यायालयाकडून रीतसर पालक म्हणून नेमणूक करून घेता येते. ती झाली की मुलाच्या नावावरचे पैसे, विमा, पासपोर्ट यांत अडवणूक उरत नाही. मुलाच्या नावावर घर किंवा जमीन असेल तर नेमणूक होऊनही ती न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. तो मुलाच्या हिताचा नियम आहे.

याची दुसरी बाजू मात्र लोक विसरतात. प्रत्येक ठिकाणी कोर्टाचा कागद लागत नाही. शाळाप्रवेशाचंच घ्या. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये ‘पालक’ या शब्दात मुलाची देखभाल आणि ताबा ज्याच्याकडे आहे ती व्यक्तीही धरली आहे. त्यामुळे आधी पालकत्वाचा आदेश आणा, असं म्हणत पहिलीतला प्रवेश अडवता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही. खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांसाठी आपल्या राज्यात अनाथ बालकं वंचित गटात मोडतात आणि या गटाला उत्पन्नाच्या दाखल्याची अट नाही. मूल संस्थेत नसून नातेवाइकांकडे राहत असेल तरी चालतं, सांभाळणाऱ्याचं हमीपत्र द्यावं लागतं.

‘आमचं वय झालं, कोर्ट आम्हाला मूल देणार नाही,’ असंही अनेक जण स्वतःच ठरवून टाकतात. जून २०२२ मधला सर्वोच्च न्यायालयाचा एक निर्णय त्यांनी जरूर ऐकावा. अहमदाबादच्या एका लहान मुलाचे आई-वडील २०२१ मध्ये करोनाने महिन्याभराच्या अंतराने गेले. उच्च न्यायालयाने ताबा मावशीकडे दिला होता. ती वयाने लहान, सरकारी नोकरीत, एकत्र कुटुंबात राहणारी. आजोबा ७१ वर्षांचे आणि आजी ६३ वर्षांची. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून मूल आजी-आजोबांकडे दिलं. केवळ वय किंवा केवळ कमाई हा निकष असू शकत नाही, ही त्यामागची भूमिका. मुलाचं हित कशात आहे, हाच या सगळ्या प्रकरणांतला खरा प्रश्न.

आता सर्वांत नुकसान करणारी भीती. ‘बालकल्याण समितीकडे गेलं की मूल उचलून संस्थेत टाकतात.’ ही भीती इतकी खोल आहे की हाताशी आलेली मदतही माणसं नाकारतात. २०१५ च्या बालन्याय कायद्यात मूलभूत तत्त्वांची यादी दिली आहे. मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, ही दोन्ही तत्त्वं त्या यादीत आहेत. प्रेमाने सांभाळणारे आजी-आजोबा समितीसमोर आले, तर मूल त्यांच्याकडेच राहावं म्हणून मदत मंजूर करणं हेही तिचंच काम.

ही मदत म्हणजे राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. २०२३ मध्ये तिची रक्कम दरमहा १,१०० वरून २,२५० रुपये झाली. ती १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. दोन्ही पालक गेलेले असले पाहिजेत, असा समज आहे, तो चुकीचा. एक पालक असलेली, पालक गंभीर आजारी किंवा तुरुंगात असलेली मुलंही या योजनेत बसू शकतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचा भाग आहे. त्यात दरमहा ४,००० रुपये मिळतात. शहरी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९६,००० रुपयांच्या आत असावं लागतं. आपल्या मुलाला यांतली कुठली योजना लागू पडते, ते जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात विचारायचं. जाताना मृत्यूचे दाखले, आधार, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड आणि बँकेचं पासबुक सोबत ठेवावं.

इथे नवी मुंबईकरांची हमखास चूक होते. शहर एकच वाटतं, पण जिल्हे दोन आहेत. दिघा-ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा महापालिकेचा भाग ठाणे जिल्ह्यात येतो. खारघर, कामोठे, कळंबोली, उलवे रायगडमध्ये. बेलापूरच्या आजोबांना ठाण्याला जावं लागतं आणि पुढच्याच स्टेशनवर, खारघरला राहणाऱ्यांचं जिल्हा कार्यालय अलिबागला. चुकीच्या जिल्ह्यात अर्ज देऊन आलेला माणूस पुन्हा जायला कंटाळतो आणि प्रकरण तिथेच संपतं.

या मदतीशीच जोडलेला, पण फार नाजूक असा आणखी एक समज आहे. ‘मी जिवंत असताना माझी नात अनाथ कशी?’ आजीला ‘अनाथ’ हा शब्द शिवीसारखा लागतो. मला तो राग समजतो. सरकारी भाषेत मात्र या शब्दाने मुलाला त्याचा हक्क मिळतो. महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण आहे. सुरुवातीला हा लाभ संस्थांत वाढलेल्यांपुरताच वाटत असे. पुढे नियमांत ‘संस्थाबाह्य’ असा गट आला. १८ वर्षांच्या आत दोन्ही पालक गमावलेली, पण नातेवाइकांकडे वाढलेली मुलं त्यात येतात. त्यासाठी महिला व बालविकास विभागाचं अनाथ प्रमाणपत्र लागतं. नात बारावीला गेल्यावर धावाधाव करण्यापेक्षा ती दुसरीत असतानाच हा कागद हातात असावा. करोनात दोन्ही पालक गेलेल्या मुलांसाठी राज्याने ५ लाखांची मुदत ठेव आणि केंद्राने पीएम केअर्समधून वयाच्या २३ व्या वर्षी १० लाख रुपये जाहीर केले होते. ज्यांना ते मंजूर झाले, त्यांनी ती कागदपत्रं जपून ठेवावीत.

‘वकिलाला पैसे कुठून देणार?’ द्यावे लागत नाहीत. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात स्त्रिया आणि मुलं मोफत वकिलाला पात्र आहेत, उत्पन्न कितीही असो. म्हणजे आजीने अर्ज केला तर आजी पात्र, नातवाच्या वतीने केला तर नातूही पात्र. दूरध्वनी क्रमांक १५१००.

बाप कमावता आहे, दुसरा संसार थाटून बसला आहे आणि मुलाच्या फीचा एक रुपया पाठवत नाही, अशी घरंही आहेत. ‘घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला,’ म्हणून आजोबा पेन्शनमधून फी भरत राहतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली, म्हणजे पूर्वीच्या १२५ खाली, अल्पवयीन मुलाला बापाकडून पोटगी मागता येते. आजोबांना स्वतःसाठी हवं असेल तर २००७ चा ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा आहे. प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात अर्ज द्यायचा. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित असतो आणि कायद्यात कमाल रक्कम दरमहा १०,००० रुपये आहे. स्वतः जाता येत नसेल तर अधिकार दिलेली संस्था, उदाहरणार्थ तुमचा ज्येष्ठ नागरिक संघ, तुमच्या वतीने अर्ज करू शकते. घर कुणाच्या नावावर करून देण्याआधी याच कायद्याचं कलम २३ वाचावं. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर परत मिळवता येते. अट बक्षीसपत्रात लिहिलेली असली म्हणजे पुढे वाद कमी होतो.

नातीच्या नावाने हौसेने उघडलेल्या सुकन्या समृद्धी खात्याबद्दलही एक खुलासा हवा. ते खातं फक्त आई-वडील किंवा कायदेशीर पालकच चालवू शकतात. आजोबांनी उघडलेल्या खात्याचं पालकत्व आई-वडिलांच्या किंवा कायदेशीर पालकाच्या नावे बदलून घ्यावं, असा केंद्राचा २०२४ चा नियम आहे. टपाल कार्यालयात एक फेरी मारून ते आताच करून टाकावं.

‘अंगणवाडी गरिबांसाठी’ हाही असाच एक समज. तिथे उत्पन्नाची अट नाही. ३ ते ६ वर्षांच्या मुलाला तिथे बसवलं तर आजीला सकाळचे दोन-तीन तास पाठ टेकायला मिळतात. मुलगी किंवा सून ५० किंवा त्याहून अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेत असेल, तर मालकाने पाळणाघराची सोय करणं २०१७ पासून कायद्याने बंधनकारक आहे. ‘आई आहे ना घरी’ म्हणून कुणी या सोयीची चौकशीच करत नाही.

आणि मुळात, ‘आजीला दुसरं काम काय?’ हा प्रश्नच चुकीचा. स्वीडनमध्ये जुलै २०२४ पासून आई-वडील आपल्या पगारी बालसंगोपन रजेतले काही दिवस आजी-आजोबांच्या नावे करू शकतात. सोल शहर २०२३ पासून लहान मुलाला महिन्याला ठरावीक तास सांभाळणाऱ्या आजी-आजोबांना भत्ता देतं. त्या सरकारांनी या सांभाळण्याला काम म्हटलं आणि त्याचा मोबदला ठरवला. आपल्याकडे आजीच्या नावाने असा एक रुपयाही नाही, आणि तो असायला हवा असं माझं ठाम मत आहे.

तोवर आजीची तब्येत टिकली पाहिजे. ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतचं वर्षाला ५ लाखांचं आरोग्य कवच मिळतं. कार्ड मात्र काढावं लागतं. वाशी, नेरूळ आणि ऐरोलीला महापालिकेची रुग्णालयं आहेत. नातवाच्या लसीच्या दिवशी स्वतःचा रक्तदाबही तपासून घ्यावा. रात्री झोप लागत नाही, या वयात पुन्हा सगळं पहिल्यापासून कसं करायचं या विचाराने छाती भरून येते, असं होत असेल तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांच्या कुठल्याही अडचणीसाठी एल्डरलाइन १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ. मुलासाठी १०९८.

उरलं विरंगुळा केंद्र. नवी मुंबईत बहुतेक प्रत्येक विभागात ते आहे. तिथे वर्तमानपत्र, कॅरम आणि गप्पा एवढंच असतं, असं म्हणून नातवंडं वाढवणारे तिकडे फिरकत नाहीत, त्यांना वेळही नसतो. पण ठाण्याच्या कार्यालयात कुठल्या दिवशी गर्दी कमी असते, कुठला दाखला आधी काढायचा, हे सांगणारी तहसील कार्यालयातली, बँकेतली, शाळेतली निवृत्त माणसं तिथेच बसलेली असतात. संघांनी आठवड्यातली एक सकाळ या घरांसाठी राखून ठेवावी.

आणि तुमच्या इमारतीत असं घर असेल, तर आजोबांना विचारा, ठाण्याला कधी जायचंय. त्या दिवशी दुपारी बारा वाजता शाळेच्या फाटकाशी त्यांच्या जागी तुम्ही उभे राहा.