कवीचें घर

कवीचें घर पाहावयास जाणारा मनुष्य तेथें नेमकें काय पाहतो, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. राजाच्या वाड्यांत तख्त असतें, सेनापतीच्या घरीं तलवार असते. परंतु कवीचें खरें धन जी कविता, ती ग्रंथरूपानें केव्हांच घराबाहेर पडलेली असते. मागें उरतात त्या चार भिंती आणि एक अंगण. तरीहि लोक मोठ्या आस्थेनें अशा घरीं जातात. त्या आस्थेला तेथें काय लाभतें आणि तें लाभावें म्हणून घर कसें राखावें लागतें, हें तीन निराळ्या घरांवरून चांगलें ध्यानांत येतें.

पहिलें घर दूरचें, इटलींतील आहे. गार्दा सरोवराच्या कांठीं गार्दोने या गांवीं गाब्रिएले दान्नुन्त्सिओ हा कवि १९२१ सालीं राहावयास गेला आणि आपल्या हयातींतच त्यानें तेथें आपलें स्मारक रचावयास आरंभ केला. मारोनी या शिल्पज्ञाच्या साह्यानें डोंगरउतारावर बागा सजल्या, खुल्या नाट्यगृहाची आंखणी झाली. इतकेंच नव्हे, तर एका युद्धनौकेचा पुढील भाग आणून डोंगराच्या कुशींत बसविण्यांत आला. ही सारी वास्तु त्यानें राष्ट्राला अर्पण केली व १९३८ सालीं तेथेंच देह ठेविला. आज तेथें संग्रहालय आहे. मात्र पाहुण्यानें काय पाहावें, हें तेथें बऱ्याच अंशीं यजमानानेंच ठरवून ठेविलें आहे.

दुसऱ्या घराची गोष्ट याच्या अगदीं उलट आहे. जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. तिच्या उत्तरेकडील घनसावंगी तालुक्यांत जांब हें गांव आहे. तेथील सूर्याजीपंत ठोसर यांच्या घरीं शके १५३०, म्हणजे इ. स. १६०८ मध्यें, रामनवमीच्या दिवशीं नारायण जन्मला. हाच नारायण पुढें समर्थ रामदास या नांवानें प्रसिद्धीस आला. वयाच्या बाराव्या वर्षीं बोहल्यावर ‘सावधान’ हा शब्द कानीं पडतांच त्यानें पळ काढला, ही कथा महाराष्ट्रांत लहानथोरांना ठाऊक आहे. पुढें नाशिकजवळ टाकळी येथें बारा वर्षें तप आणि नंतर बारा वर्षें तीर्थाटन झालें, असें परंपरा सांगते. कार्य घडलें तें कृष्णेच्या खोऱ्यांत, आणि १६८२ सालीं देहावसान झालें तें सज्जनगडावर. ज्या घरीं आपण दर्शनास जातों, तें घर कवीनें बालपणींच सोडलेलें होतें!

मग जांबेस उरलें काय? घरीं राहिलेलीं माणसें उरलीं. वडील बंधु गंगाधरपंत यांनीं प्रपंच सांभाळला आणि देवघरांतील रामाची उपासनाहि चालविली. संप्रदायांत त्यांना आदरानें ‘श्रेष्ठ’ म्हणतात. ‘रामी रामदास’ या नांवानें तेहि कवि होते. ‘सुलभोपाय’ आणि ‘भक्तिरहस्य’ हे त्यांचे ग्रंथ. एक भाऊ घराबाहेर पडून जगाचा झाला, दुसऱ्यानें घर राखलें. जांबेचें महत्त्व समजून घ्यावयाचें तर या दुसऱ्या भावाची आठवण अवश्य ठेविली पाहिजे. आज घराच्या जागीं राममंदिर आहे. संप्रदायाच्या पोथ्या पाहावयाच्या असल्यास मात्र धुळ्यास जावें लागतें. शंकर श्रीकृष्ण देव यांनीं गांवोगांवच्या मठांतून जमविलेल्या बाडांचा संग्रह तेथील समर्थ वाग्देवता मंदिरांत आहे.

जांबेचें घर याप्रमाणें पूजेनें राखलें गेलें, कपाटांनीं नव्हे. या पद्धतींत एक थोर गुण आहे आणि एक उणीवहि आहे. गुण असा कीं, तेथील वस्तु मृत होत नाहीं. तिला रोज स्नान घडतें, रोज फूल मिळतें. उणीव २०२२ सालच्या ऑगस्टमध्यें प्रत्ययास आली. पिढ्यान्‌पिढ्या पूजेंत असलेल्या पंचधातूच्या मूर्ती रात्रींतून चोरीस गेल्या. सारा गांव हळहळला. पुढें त्याच वर्षीं पोलिसांनीं माग काढून चोर पकडले आणि मूर्ती हस्तगत केल्या. चोराच्या लेखीं जो जुना धातु, संग्राहकाच्या लेखीं जी दुर्मिळ वस्तु, ती गांवाच्या लेखीं घरांतील वडीलधारी व्यक्तीच होती. अशा मूर्तीला कांचेच्या पेटींत कोंडणें कोणासहि रुचणार नाहीं. परंतु तिचें छायाचित्र, उंची, वजन आणि अंगावरील खुणा यांची नोंद ठेवण्यानें भक्तीला कसलाच बाध येत नाहीं. हरवलेली वस्तु सांपडली तरी ती आपलीच, हें सिद्ध करावयास अशी नोंदच उपयोगी पडते.

तिसरें घर कोंकणांत, गणपतीपुळ्याजवळ मालगुंड येथें आहे. तेथें १८६६ सालीं कृष्णाजी केशव दामले, म्हणजेच केशवसुत जन्मले. शिक्षकाच्या नोकरीपायीं गांवोगांव हिंडून १९०५ सालीं हुबळीस प्लेगनें त्यांचा अंत झाला. त्यांच्या हयातींत त्यांचा एकहि काव्यसंग्रह निघाला नव्हता. अशा कवीचें जन्मघर कोंकण मराठी साहित्य परिषदेनें जतन केलें, आणि १९९४ सालीं कुसुमाग्रजांच्या हस्तें तेथील स्मारक लोकांस खुलें झालें. जुन्या वळणाचें घर, भोंवतीं बाग, बागेंत शिळांवर कोरलेल्या कविता आणि दालनांत नंतरच्या मराठी कवींची ओळख, अशी तेथील मांडणी आहे. घराबाहेर पडलेली कविता येथें पुन्हां अंगणांत आणून बसविली आहे.

या तीन घरांत कवीच्या वस्तु सर्वांत अधिक आहेत त्या पहिल्यांत; परंतु जांब आणि मालगुंड येथें त्या थोड्या असूनहि पाहुणा रित्या हातांनीं परतत नाहीं. तेथें त्याला दिसते ती मागें राहिलेल्यांनीं केलेली राखण. तिच्यांत पाहुण्यालाहि आपला वांटा उचलतां येतो. जांबेस जाणाऱ्या कुटुंबानें नारळाबरोबर दासबोधहि पिशवींत घ्यावा, आणि दर्शन झाल्यावर मंडपांत बसून मुलांकडून एक समास मोठ्यानें वाचून घ्यावा. दोनशें समासांपैकीं कोणताहि चालेल.