समजून घ्या : पाठ केलेले इंग्रजी शब्द ऐन वेळी आठवत का नाहीत? शब्दसंग्रह वाढवायचा तरी कसा?

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षी कॅम्पस मुलाखतीत गटचर्चेची फेरी होती. मराठी माध्यमातून आल्याची धास्ती होतीच, म्हणून आधीचे सहा महिने शब्दांचे एक जाडजूड पुस्तक पाठ केले होते. ‘युबिक्विटस’ म्हणजे सर्वव्यापी, हे झोपेतून उठवून विचारले असते तरी सांगता आले असते. प्रत्यक्ष चर्चेत समोरच्याचा मुद्दा पटला नाही. ‘मला थोडे वेगळे वाटते’ एवढे साधे वाक्य इंग्रजीत जुळवेपर्यंत चर्चा दोन मुद्दे पुढे गेली होती. निवड यादीत माझे नाव नव्हते.

शब्द कमी पडले, असे तेव्हा वाटले. खरे तर शब्द होते, ते वेळेवर बाहेर येत नव्हते. शब्द ओळखता येणे आणि तो वापरता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपली बहुतेक मेहनत पहिलीवरच खर्च होते.

पाठ केलेले शब्द का विसरतात?

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले स्मरणाचे प्रयोग प्रसिद्ध केले. नवी माहिती सर्वात वेगाने विसरली जाते ती पहिल्या काही तासांत. पुढे हा वेग मंदावतो, असे त्यात दिसले. म्हणजे रविवारी एका बैठकीत ५० शब्द घोकले आणि पुन्हा पाहिलेच नाहीत, तर त्यातले बरेचसे सोमवारपर्यंत गेलेले असतात.

नुसते पुन्हा पुन्हा वाचणेही फारसे उपयोगी नाही. २००८ मध्ये अमेरिकेतील संशोधक जेफ्री कार्पिके आणि हेन्री रोडिगर यांनी विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतील ४० शब्द इंग्रजी अर्थांसह शिकवले. शब्द एकदा आठवल्यानंतरही ज्यांची चाचणी सुरू ठेवली, त्यांना आठवड्याने सुमारे ८० टक्के शब्द आठवले. ज्यांची चाचणी थांबवली, त्यांचे प्रमाण ४० टक्क्यांच्याही खाली राहिले. त्यांनी वाचन सुरू ठेवले तरीही फरक पडला नाही. थोडक्यात, अर्थ झाकून आठवण्याचा प्रयत्न केला तरच शब्द पक्का होतो.

किती शब्द लागतात?

घाबरण्याइतके नाही. भारतीय शिक्षण सेवेत ढाक्याला काम केलेले मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये इंग्रजीतील सर्वाधिक उपयोगी अशा सुमारे २,००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. सर्वसाधारण मजकुरातील साधारण ८० टक्के शब्द या यादीतून भागतात. उच्च शिक्षणाच्या पुस्तकांसाठी अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये ५७० शब्दकुळांची वेगळी यादी तयार केली. शब्दकुळ म्हणजे ‘डिसाइड’, ‘डिसिजन’, ‘डिसायसिव्ह’ असा एकाच घरातील गोतावळा. वर्तमानपत्र किंवा कादंबरी विनासायास वाचायची तर आठ ते नऊ हजार शब्दकुळे लागतात, असा पॉल नेशन यांचा २००६ मधील हिशेब आहे.

म्हणून सुरुवात अवघड शब्दांपासून नको. ‘ऑक्सफर्ड ३०००’ ही नेहमीच्या शब्दांची यादी इंटरनेटवर मोफत आहे. ती चाळा आणि वाक्यात वापरता न येणाऱ्या शब्दांवर खूण करा. ओळखीचे पण न वापरलेले असे कितीतरी शब्द सापडतील.

एका शब्दातून अनेक शब्द कसे मिळतात?

शाळेत उपसर्ग शिकताना आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार हे शब्द सगळ्यांनी पाहिले आहेत. ‘हार’ तोच, पुढचा उपसर्ग बदलला की अर्थ बदलतो. इंग्रजीतही हेच चालते. ‘स्पेक्ट’ या लॅटिन मुळाचा अर्थ पाहणे. त्यावरून ‘इन्स्पेक्ट’ म्हणजे बारकाईने पाहणे, ‘स्पेक्टेटर’ म्हणजे पाहणारा, ‘रेट्रोस्पेक्ट’ म्हणजे मागे वळून पाहणे. ‘पोर्ट’ म्हणजे वाहून नेणे; त्यातून ‘इम्पोर्ट’, ‘एक्स्पोर्ट’, ‘ट्रान्सपोर्ट’, ‘पोर्टेबल’. अशी वीस-पंचवीस मुळे माहीत झाली की अनोळखी शब्दाचाही अंदाज बांधता येतो. मात्र तो अंदाजच असतो, शब्दकोशात एकदा खात्री करावी.

वहीत फक्त मराठी अर्थ लिहिला तर?

तिथेच गफलत होते. आपला चहा कडक, शिस्त कडक, ऊन कडक आणि नवी नोटही कडक. इंग्रजीत मात्र चहा ‘स्ट्राँग’, शिस्त ‘स्ट्रिक्ट’, ऊन ‘स्कॉर्चिंग’ आणि नोट ‘क्रिस्प’. आपण चूकही ‘करतो’ आणि गृहपाठही ‘करतो’. इंग्रजीत चुकीला ‘मेक’ आणि गृहपाठाला ‘डू’ लागते. ‘विषयावर चर्चा’ डोक्यात असल्याने ‘डिस्कस’पुढे आपण नको असलेला ‘अबाउट’ जोडतो. म्हणून सुटा शब्द लिहू नका, त्याच्या सोबत्यासह लिहा. ‘रेन’ नव्हे, ‘हेवी रेन’. खाली स्वतःच्या आयुष्यातले एक वाक्यही लिहा.

उजळणीची सोपी पद्धत कोणती?

जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात खोक्यांची पद्धत लोकप्रिय केली. कार्डाच्या एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला अर्थ व वाक्य लिहायचे. बरोबर आठवले की कार्ड पुढच्या खोक्यात, चुकले की परत पहिल्या खोक्यात. पहिले खोके रोज उघडायचे, पुढची अधिकाधिक दिवसांनी. घरच्या घरी पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, पंधराव्या आणि तिसाव्या दिवशी उजळणी केली तरी चालते. बोलण्यासाठी शब्द हवा असेल, तर मराठी बाजू वर ठेवून इंग्रजी आठवा. मोबाइलवर हेच काम ‘अ‍ॅन्की’ हे अ‍ॅप करते. अँड्रॉइडवर ते मोफत आहे.

काय वाचावे?

ज्यात शंभर शब्दांमागे पाचाहून अधिक शब्द अडत नाहीत, असे. त्याहून अवघड मजकुरात निम्मा वेळ शब्दकोशातच जातो आणि आठवडाभरात वाचन सुटते. क्रिकेट, स्वयंपाक, शेअर बाजार असा आवडीचा एकच विषय महिनाभर वाचला, तर तेच ते शब्द वेगवेगळ्या वाक्यांत भेटतात आणि आपोआप रुजतात.

आजपासून काय कराल?

रोज पाच शब्द, आठवड्याचे पाच दिवस. वर्षाला १,३०० शब्द होतात. प्रत्येक शब्द सोबत्यासह लिहा, झाकून आठवा आणि त्याच दिवशी एकदा मोठ्याने बोला. ऐकायला कोणी नसेल तर मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. दोन्ही उन्हाळी सुट्ट्यांची वाट पाहण्याची गरज नाही, बसच्या रांगेतली दहा मिनिटे पुरतात.

त्या गटचर्चेनंतर वहीच्या पहिल्या पानावर मी जो शब्दसमूह लिहिला, तो होता ‘आय सी इट डिफरन्टली’. चारही शब्द आधीपासून येत होते. ते एकत्र, मोठ्याने, कधी म्हटलेच नव्हते. पुढच्या मुलाखतीत ते पहिल्या पाच मिनिटांतच कामी आले.